तळ्यांचे गाव

कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या माणसाला गांधी मैदानाची वाट विचारावी. “वरुणतीर्थावर जायचंय व्हय?” असे तो उलट विचारील. तिथे एके काळी तळे होते. आता सभा होतात, पोरे क्रिकेट खेळतात. मात्र पावसाची झड लागली की मैदानभर पाणी साचते, आणि पाणी आपले घर विसरत नाही असे मला वाटून जाते.

वरुणतीर्थ एकटेच नव्हे. कपिलतीर्थावर मंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले, सिद्धाळ्याची बाग झाली. बुजवणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही. कळंब्याचे पाणी नळाने घरात येऊ लागल्यावर वेशीजवळच्या तळ्याची किंमत ती काय राहिली? साचलेले पाणी म्हणजे डास, आणि डास म्हणजे हिवताप. शिवाय गाव वाढत होते, जागा हवी होती. तरीपण भर टाकताना पावसाचे पाणी उद्या कोठे जाईल, हा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

राहिलेल्यांत थोरला रंकाळा. मुळात ही दगडाची खाण. भूकंपाने जमीन खचली आणि पाणी लागले, अशी कथा आहे. इथला नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, हे तर आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ! पण खुद्द पाण्याची विचारपूस करायला शास्त्रज्ञ यावे लागले. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. तिथल्या पर्यावरणशास्त्र विभागात शिकवणारे डॉ. जय सामंत पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संचालक झाले. रंकाळा आणि पंचगंगा यांच्या प्रकृतीविषयी ते वर्षानुवर्षे बोलत आले आहेत.

माझे शास्त्राचे शिक्षण दहावीपाशी संपले. पण तळे आजारी कसे पडते हे समजायला तेवढे पुरते. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येतात. शेताला जे खत, तेच पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीला. ती माजते, मरते, कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मग पहाटे मासे उलटे तरंगताना दिसतात. रंकाळा हिरवागार होऊन काठावर नाक धरावे लागले, ती वर्षे कोल्हापूरकर विसरलेले नाहीत.

मासे मेले म्हणून माणसाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्याने इचलकरंजी आठवावी. आमच्या शहराचे सांडपाणी घेऊन पंचगंगा खाली तिकडेच जाते. २०१२ सालच्या उन्हाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. तिचे मूळ दूषित पाण्यात होते.

पाण्याची नाडी पाहण्याची एक सोपी रीत आहे. १८६५ साली आंजेलो सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडली. ती किती खोलवर दिसते, तेवढी पाण्याची पारदर्शकता. तळ्यांचे अभ्यासक आजही तशीच तबकडी वापरतात. फक्त तिचे काळेपांढरे चार पाव भाग झाले.

आम्ही गेल्या वर्षी शाळेतली जुनी ताटली पांढरी रंगवली, तिला दगड बांधला, दोरीला वितीवितीवर गाठी मारल्या आणि सातवीच्या मुलांना घेऊन रंकाळ्यावर गेलो. दोरी भरपूर नेली होती. तिसरी गाठ बुडाली आणि ताटली दिसेनाशी झाली. मुले हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. तिचे आजोळ वरुणतीर्थ वेशीतले.

“सर, त्या तळ्यात किती गाठी दिसल्या असत्या?”

मी दोरी गुंडाळू लागलो. दिवाळीची सुट्टी संपली की याच मुलांना घेऊन कोटितीर्थावर जायचे ठरले आहे. ताटलीचा रंग उडाला आहे, तेवढा द्यायचा राहिला आहे.