वीज ‘संपते’ कोठे? विद्युत-चुंबकत्वातील रूढ गैरसमज

भिवंडी-वाडा मार्गावरील अंबाडीसारख्या गावात विजेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. यंत्रमागांच्या या तालुक्यात अनेकांचे पोटच तिच्यावर चालते. मात्र विद्युतधारा व चुंबकत्व हे प्रकरण शिकताना जगभरातील विद्यार्थी ज्या ठरावीक ठिकाणी अडखळतात, तेथेच येथीलही अडखळणे स्वाभाविक आहे.

सर्वांत चिवट समज म्हणजे दिव्यात विद्युतधारा ‘खर्च’ होते. एकसर जोडणीतील पहिला दिवा अधिक व दुसरा मंद उजळेल, हे उत्तर त्यातूनच येते. वास्तविक दोन सारखे दिवे सारखाच प्रकाश देतात, कारण दिव्यात शिरणारी धारा तितकीच बाहेर पडते. खर्च होते ती ऊर्जा. घरचे मीटरही तीच मोजते. १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास. या घोळाला बोलीभाषाही थोडी जबाबदार आहे. ‘वीज जळते’, ‘करंट कमी येतो’ असे म्हणताना धारा, विभवांतर व ऊर्जा यांतील भेद उरतच नाही.

हा गैरसमज जिवावरही बेतू शकतो. धारा वापरून झाल्यावर परतीची तार ‘रिकामी’ असते, असे मानणारा विद्यार्थी न्यूट्रलला निर्धोक समजतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असल्यास ते बंद करताच दिवा विझतो खरा, परंतु होल्डरमध्ये जमिनीच्या सापेक्ष सुमारे २३० व्होल्ट विभवांतर कायम असते.

बटण दाबताच दिवा लागतो, म्हणून इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावत येतात, असेही मानले जाते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर स्थिर धारा वाहत असता त्यांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला सुमारे २६ सेंटिमीटर असतो. घरातील प्रत्यावर्ती धारेत तर ते जागच्या जागी मागेपुढे हलतात. त्वरेने पोहोचते ते विद्युतक्षेत्र.

चुंबक सर्व धातूंना ओढतो, हा समज तांब्याच्या भांड्याने लगेच दूर होतो. वेटोळ्यात नुसता ठेवलेला चुंबक धारा निर्माण करतो, हा समज मात्र सहजी जात नाही. मायकेल फॅराडे यांनी १८३१मध्ये दाखवले ते हेच, की धारा मिळते ती चुंबकीय क्षेत्र बदलत असतानाच. म्हणून रोहित्राला बॅटरी जोडल्यास दुसऱ्या वेटोळ्यात केवळ जोडताना आणि तोडताना क्षणिक धारा वाहते.