गॅस भरायचा की एसीच बदलायचा?

नेसरी म्हटलं की लोकांना १६७४ आणि प्रतापराव गुजर आठवतात. आमच्या नेसरीच्या घरात मात्र सध्या चर्चा जुन्या एसीची! कॉइल गळतेय. मेकॅनिक म्हणाला, "आर-२२ भरून टाकूया की!"

१९८७ चा माँट्रियल करार आधी फ्रिजमधल्या आर-१२ वर आला. ओझोनला त्यामानाने कमी मारक आर-२२ ची पाळी १९९२ साली, कोपनहेगनला. भारतात त्यावर चालणारी नवी यंत्रं बनवायला १ जानेवारी २०२५ पासून बंदी. बरं, जुन्यात आर-३२ भरावा, तर त्याचा दाब जास्त, शिवाय थोडा ज्वालाग्राही.

कपॅसिटर गेला असता तर दुरुस्तच केला असता. गळक्या कॉइलपायी मात्र मी नव्याच्या बाजूने. बाबा म्हणतात, "आणि एक उन्हाळा काढूया की!"