सायबॉर्नचे वॉटर्लू

बखर वाङ्मय शिकवताना वर्गातून दरवर्षी हमखास येणारा प्रश्न म्हणजे, यातले खरे किती? अमुक लक्ष फौज उभी राहिली असे बखरकार लिहून जातो आणि विद्यार्थी आमच्याकडे संशयाने पाहतात, जणू आम्ही त्याचे जामीनदार! पूर्वी आम्ही बखरीची प्रयोजने, आश्रयदाते वगैरे ठरीव उत्तर देत असू. अलीकडे मात्र लढाईचा इतिहास शब्दांच्या आधी कथील-शिशाच्या शिपायांत मांडू पाहणाऱ्या एका इंग्रज लेफ्टनंटाची हकिकत सांगतो. मूळ प्रश्न त्याने सुटतो असे नाही. पण तो अधिक नेमका होतो.

विल्यम सायबॉर्न (१७९७–१८४९) हा वॉटर्लूच्या लढाईत नव्हता. लढाई झाली १८ जून १८१५ रोजी. हा तरुण अधिकारी त्यानंतर फ्रान्समधल्या इंग्रज फौजेत दाखल झाला. त्याचा खरा पिंड भूमापकाचा. भूप्रदेशाचे मापन आणि रेखन या विषयावर १८२७ साली त्याने ग्रंथही लिहिला होता. १८३० साली सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्याला वॉटर्लूची प्रतिकृती करण्यास सांगितले, तेव्हा तो थेट रणभूमीवरच्या ला ए सेंत या शेतघरात जाऊन राहिला आणि आठ महिने त्याने उंचवटे, सखल भाग, वाटा, कुंपणे मोजून काढली. गंमत अशी की मोजायची जमीनच तोवर बदललेली होती. सिंहाच्या पुतळ्यासाठी जो प्रचंड मातीचा डोंगर १८२६ साली पुरा झाला, त्याची माती इंग्रज फौज जिच्यावर उभी होती त्या टेकाडावरूनच खणून नेलेली. विजयाच्या स्मारकाने विजयाची जागाच खाऊन टाकावी, याला काय म्हणावे?

जमिनीची मापे मिळाली, तरी माणसे कुठे उभी होती हे कोण सांगणार? सायबॉर्नने हयात अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास, नेपोलियनची शाही गार्ड टेकाडाच्या माथ्याला भिडत असताना, तुमची पलटण कोठे होती, कोणत्या रचनेत होती, आणि समोरच्या शेतात कोणते पीक उभे होते? हा शेवटचा प्रश्न आम्हांला विलक्षण वाटतो. बखरकाराने हत्ती मोजले असते. हा पीक विचारतो. कारण त्याला ते शेत रंगवायचे होते. आलेल्या उत्तरांची शेकडो पत्रे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अर्थात ती एकमेकांशी जुळत नाहीत. शाही गार्ड मोडली ती आम्हीच, असे पायदळ गार्ड्सचे म्हणणे; नाही, ती मोडली कोलबर्नच्या बावन्नाव्या पलटणीने, असे त्या पलटणीचे. हा वाद पुढे कित्येक दशके चालला.

आता प्रत्यक्ष कारागिरीकडे वळू. जमिनीचे प्रमाण होते एका मैलाला नऊ फूट. या हिशेबाने शिपाई जेमतेम तीन मिलिमीटरचा झाला असता, म्हणजे दिसलाच नसता. म्हणून तो सुमारे दहा मिलिमीटर उंच ओतला, आणि एका शिपायाने दोघांचे प्रतिनिधित्व करावे असे ठरवले. असे सत्तर हजारांहून अधिक शिपाई सुमारे चारशे चौरस फुटांवर मांडले गेले. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्या पोराला ही अडचण चांगली ठाऊक असते : मावळा नेहमीच महादरवाज्यापेक्षा उंच निघतो. एवढ्याशा शिपायाला चेहरा कुठला? रंगवणाऱ्याच्या हाती उरतो तो अंगरख्याचा रंग, छातीवरचा पट्टा, टोपीचा आकार. व्यक्ती तिथे नाहीच. आहे ती केवळ पलटण. आणि पलटण म्हणजे जागा आणि संख्या.

नेमके इथेच बिनसले. सातच्या सुमारास ब्यूलोवचे प्रशियन सैन्य नेपोलियनच्या उजव्या बगलेवर प्लान्सन्वा गावात झुंजत होते आणि झीटनच्या तुकड्या इंग्रजांच्या डाव्या टोकाशी येऊन मिळत होत्या. सायबॉर्नने बर्लिनच्या लष्करी कचेरीकडूनही माहिती मागवली आणि तिला अनुसरून प्रशियन मांडले. ते वेलिंग्टनला रुचले नाही. (हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्लीच.) अशी मांडणी पाहून लोकांचा गैरसमज होईल, विजयाचे श्रेय प्रशियनांकडे जाईल, असे त्याचे मत, आणि ते त्याचा विश्वासू सचिव फिट्झरॉय सॉमरसेट याच्यामार्फत सायबॉर्नला कळत राहिले. गद्यात हा पेच सहज टळतो. ‘सायंकाळी प्रशियनही येऊन मिळाले’ असे एक वाक्य लिहिले की भागते. किती, कुठे, किती वाजता, हे त्या ‘ही’च्या पोटात दडवता येते. कथिलाच्या शिपायाला ‘ही’ हे अव्यय नाही. तो पटावर असतो, नाहीतर नसतो.

सरकारने १८३३ सालीच पैसा थांबवला होता. सायबॉर्नने सुमारे तीन हजार पौंड स्वतः उभे केले, कर्जात बुडाला. ऑक्टोबर १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली तेव्हा एकेक शिलिंग देऊन लाखभर माणसे पाहून गेली; तरीही त्याचे आर्थिक संकट टळले नाही. आणि शेवटी त्याने प्रशियनांची जागा आपण चुकीची दाखवली होती असे मान्य करून हजारो शिपाई पटावरून उचलले. पीटर हॉफश्रोअर यांनी २००४ सालच्या ‘वेलिंग्टन्स स्मॉलेस्ट व्हिक्टरी’ या पुस्तकात हे सरळ दडपणाचे फळ मानले आहे. इतर अभ्यासकांना ते इतके सरळ वाटत नाही. आमचे मत मधले आहे, आणि मधले मत बहुधा भित्रेपणाचे असते हेही आम्हांला कळते. पत्रांतला गोंधळ पाहता सायबॉर्नला खरोखरच शंका आली असणे शक्य आहे. पण शंका सर्वच पलटणींबद्दल होती. उचलले गेले ते मात्र प्रशियन.

१८४४ साली त्याने या मोहिमेचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला आणि एक दुसरी, अधिक मोठ्या प्रमाणावरची प्रतिकृतीही केली. तीत दुपारचा घोडदळाचा हल्ला आहे. त्या प्रहरी प्रशियन अजून लढाईत उतरलेच नव्हते. ही निवड सहेतुक होती की योगायोगाची, याचा तर्क वाचकांनीच करावा.

अखेरची वर्षे त्याने लंडनमध्ये चेल्सी येथील सैनिकांच्या मुलांच्या आश्रमशाळेत सचिवाची नोकरी करून काढली आणि १८४९ मध्ये तेथेच तो वारला. त्याची पहिली प्रतिकृती आज त्याच चेल्सीमध्ये नॅशनल आर्मी म्युझियमात आहे. संध्याकाळचे सात वाजलेले आहेत, शाही गार्ड माथ्याला भिडते आहे, आणि उचललेले प्रशियन अद्याप परतलेले नाहीत.