तगादा

ऋण आणि तगादा या दोन निराळ्या गोष्टी होत. ऋण हा धनको व ऋणको यांच्यातील व्यवहार; तगादा हा ऋणकोच्या अब्रूला घातलेला वेढा. घेतलेले ऋण फेडावे, याविषयी दुमत नाही. परंतु ते वसूल करताना धनकोने कोठवर जावे, या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे. आणि पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां नोकरपेशांस तो जवळचाही आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ऋणवसुलीचे पाच उपाय सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यांतील 'आचरित' म्हणजे ऋणकोची बायकामुले वा गुरे अडकवून त्याच्या दाराशी ठाण मांडणे, असे टीकाकार सांगतात. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात या उपायाचे आपल्याकडील रूप 'तगादा' याच नावाने आढळते. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असेल, तर धनको त्यास घरातून हलू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवी. ऋणको वरचढ असेल, तर त्याच्या उंबरठ्यावर आडवे पडणे, वाट अडविणे, दारात आरडाओरड करणे आणि अखेर उपाशी बसून धरणे धरणे, असे मार्ग असत. धनको दाराशी उपाशी असेतो घरात ऋणकोसही अन्न घेता येत नसे. न्यायदानाची नियमित व्यवस्था तोकडी होती. तिचे काम लाजेकडून करवून घेतले जाई.

इंग्रजी अमलात न्यायालये आली. १८६० च्या भारतीय दंडविधानाने दैवी कोपाची भीती घालून एखाद्यास काही करावयास लावणे हा गुन्हा ठरविला. त्या ५०८ व्या कलमाखालचा पहिला दृष्टांतच धरण्याचा होता. धर्मभयाचे शस्त्र असे बोथट झाले. लाजेचे शस्त्र मात्र शाबूत राहिले, आणि गिरण्या-कारखान्यांच्या काळात त्यास नवी जागा मिळाली. ती जागा म्हणजे कारखान्याचे फाटक.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक औद्योगिक केंद्रांतील निदान दोन तृतीयांश कामगार-कुटुंबे कर्जात असून बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे, असा त्याचा अंदाज होता. रुपयास दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. म्हणजे वर्षास शेकडा ७५. पगाराच्या दिवशी सावकार फाटकाबाहेर उभे राहत. त्यांपैकी अनेकांची भिस्त कोर्टावर नसून काठीवर होती. मजुरी घरी पोहोचण्याआधीच ती वाटेत गाठली जाई, आणि तीही सोबत्यांच्या देखत.

वसुलीसाठी कारखान्यास असा वेढा घालणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस कमिशनने केली. १९३४ साली बंगालने कलकत्ता व आसपासच्या औद्योगिक भागासाठी तसा कायदा केला. १९३७ साली मध्यप्रांताने, म्हणजे ज्याची राजधानी आपले नागपूर होते त्या प्रांताने, ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यातही ऋणकोचा छळ शिक्षेस पात्र ठरला. या कायद्यांनी कर्ज माफ केले नाही. केवळ फाटक मोकळे केले. धनकोस कोर्टाचा दरवाजा उघडाच होता.

आज फाटकाची जागा दूरध्वनीने घेतली आहे. पगारापर्यंतची तूट भरून काढण्यास घेतलेले किरकोळ कर्ज, त्याची जुनी बाकी, आणि मग "तुमच्या साहेबांस कळवितो" ही धमकी. परमुलखातील सरकारी वसाहतीत राहणाऱ्या माणसास ती विशेष झोंबते. तथापि १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १७ वा नियम नीट वाचावा. सवयीच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहावे, आणि कर्जाबाबत न्यायालयीन कारवाई सुरू झाल्यास ती सरकारास कळवावी, असे तो सांगतो. वसुलीदाराचा फोन ही न्यायालयीन कारवाई नव्हे. पगारावर जप्तीही न्यायालयाच्या हुकमानेच येते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने पगाराचा मोठा भाग तीतून वगळला आहे.

जुन्या बाकीविषयी आणखी एक गोष्ट. साध्या कर्जाच्या दाव्यास १९६३ च्या कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे. मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी लेखी कबुली दिल्यास ती नव्याने सुरू होते. संपल्यावर सही करून दिलेले लेखी वचन हा नवा करार ठरतो. म्हणूनच कोर्टाचा रस्ता बंद झालेला वसुलीदार अधिक मोठ्याने ओरडतो व सहीचा आग्रह धरतो. घाईने सही करू नये. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, ऋणकोची चारचौघांत मानहानी करू नये, नातेवाईक व मित्रांस त्रास देऊ नये, असे बजावले होते. त्या फोनांची तारीखवार नोंद ठेवून लेखी तक्रार करावी. देणे खरे असेल तर ते धनकोच्याच खात्यात भरून पावती घ्यावी.

उंबरठा, फाटक, दूरध्वनी ही साधने बदलली; तगाद्याचे बळ तेच राहिले. ते ऋणकोच्या दारात नसून शेजाऱ्याच्या कानात आहे. कचेरीतील एखाद्या सहकाऱ्याच्या कर्जाविषयी उद्या आम्हांस असा फोन आला, तर तो ऐकून घेऊन चार ठिकाणी सांगणे म्हणजे त्या वेढ्यात सामील होणे होय. "हा विषय आमचा नाही" एवढे म्हणून तो ठेवून द्यावा, आणि सहकाऱ्याशी कालच्याप्रमाणेच बोलावे.