फॅटी लिव्हर : भाकरी, जवस, हळद खुशाल खा, काढा-गोळ्या मात्र जपून!

नारायणगड (जि. बीड) : 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर एकादशीला भाविकांची रीघ लागते. घरोघरी साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि गोड चहा असतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. पिठूळ आणि गोड पदार्थ गरजेपेक्षा जास्त पोटात गेले की लिव्हर त्याची चरबी करून साठवतं. ही चरबी 5 टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूला कधी हात न लावलेल्या माळकऱ्यालाही हा आजार होतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये त्याचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

ताटात काय असावं?

वनस्पतींमध्ये पॉलीफेनॉल नावाचे घटक असतात. शरीरातली सूज कमी करायला ते मदत करतात. ज्वारी-बाजरीच्या कोंड्यात ते असतात, म्हणून भाकरीचं पीठ चाळू नये. कांद्यात क्वेर्सेटिन, जवसात लिग्नन आणि हळदीत करक्युमिन असतं. भाकरी, मेथीची भाजी, जवसाची चटणी आणि कच्चा कांदा हे आपलं रोजचंच जेवण आहे. त्यातल्या तंतूंमुळे पोट लवकर भरतं आणि साखर हळू वाढते. पण नुसत्या चटणीने लिव्हर साफ होत नाही. वजन कमी होणं हाच मुख्य उपाय. 80 किलोच्या माणसाने 4 किलो, म्हणजे 5 टक्के वजन उतरवलं तरी लिव्हरची चरबी घटते. 7 ते 10 टक्के उतरवलं तर सूजही कमी होऊ शकते.

इथं फसू नका

'नैसर्गिक आहे, अपाय होत नाही' असं म्हणून अनेक जण काढे आणि गोळ्या सुरू करतात. हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्केच असतं, गोळीत मात्र ते कितीतरी पट असतं. अशा गोळ्यांनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. कोरोनाकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये, मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांमध्ये लिव्हरची इजा आढळली. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू पाहिल्या तरी बांधावरची वेल तोडून स्वतःच्या मनाने काढा पिणं धोक्याचंच.

तपासणी कधी करावी?

पोट सुटलेलं असेल, शुगर किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ताची एसजीपीटी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करावी. एसजीपीटी नॉर्मल आली तरी फॅटी लिव्हर असू शकतो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, पोटात पाणी झालं किंवा रक्ताची उलटी झाली तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा. कोणता काढा, कोणती गोळी सुरू आहे हे डॉक्टरांना न लपवता सांगावं.