द्विध्रुवी मनोविकार

उन्माद आणि अवसाद या दोन टोकांच्या भावावस्था आलटून-पालटून येणारा दीर्घकालीन मनोविकार. दोन्ही अवस्था एकाच आजाराच्या असल्याचे फालरे आणि बायार्जे या फ्रेंच वैद्यांनी १८५०च्या दशकात मांडले. आजचे नाव अमेरिकी वर्गीकरणात १९८० साली आले. कारणे : आनुवंशिकतेचा वाटा मोठा, एकच एक कारण सिद्ध नाही.

या आजारात ‘बरे वाटणे’ हे भरवशाचे लक्षण नाही, आणि निदान चुकते ते बहुधा इथेच. अवसादात माणूस स्वतःहून डॉक्टरकडे जातो. उन्माद चढत असताना मात्र आपल्याला काही झाले आहे असे त्याला वाटतच नाही. रात्री दोन-तीन तास झोपूनही तो ताजातवाना असतो, अपरात्री नातेवाइकांना फोन करून धंद्याच्या योजना सांगतो, मुदतठेव मोडून मोकळा होतो. हे सांगू शकतात घरचेच. त्यांना विचारले गेले नाही, तर केवळ अवसादाचे औषध सुरू होते आणि त्याने काहींचा उन्माद उसळतो.

‘बरे वाटण्या’चा हा धोका उपचारांतही असतो. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांवरील लिथियम या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील पहिला रुग्ण वर्षानुवर्षांच्या उन्मादातून सावरून घरी गेला, गोळ्या सोडून बसला आणि पुन्हा दाखल झाला. पुढे १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेनेच तो दगावला. म्हणून ‘आयुष्यभर गोळ्या कशाला?’ ही शंका खोडसाळ नाही. तिचे उत्तर मात्र गोळी परस्पर बंद करणे हे नव्हे, तर नियमित तपासणी हे आहे. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी लिथियमचे प्रमाण तपासण्यासाठी रक्त देतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडही वेळोवेळी तपासतात.

घरच्यांच्या साक्षीला महत्त्व दिले तर रुग्णाचा आवाज दबेल, हा आक्षेप रास्त आहे. मालमत्तेच्या किंवा लग्नाच्या वादात ‘वेडा’ हा शिक्का हत्यार म्हणून वापरला जाऊ शकतो. मात्र साक्ष म्हणजे निवाडा नव्हे. ती रुग्णाच्या सांगण्याशी आणि तपासणीशी ताडून पाहायची असते. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रौढ व्यक्ती भावी आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवू शकते आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकते. आपल्या चढत्या उन्मादाची पहिली खूण कोणती आणि ती दिसताच कोणी बोलायचे, हे शांत काळात रुग्णानेच ठरवले, तर घरच्यांचा शब्द त्याच्यावर लादलेला राहत नाही. तो त्याने स्वतःच सोपवलेला असतो.

मदत : मनोविकारतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालय, ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, ‘टेलि-मानस’ दूरध्वनी सेवा, १४४१६. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले गेल्यास थांबू नये; त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.