सनद कोणाच्या हाती?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण ती चढल्यावाचून गत्यंतर नसते तेव्हा आपण ज्याच्या भरवशावर चढतो, तो वकील. सराफाचे सोने कसोटीवर घासून पाहता येते. वकील घासून पाहायचा तर खटलाच पणाला लावावा लागतो! म्हणून त्याची परीक्षा दुसऱ्या कोणी तरी आपल्या वतीने आधीच करून ठेवावी लागते. त्या परीक्षेची खूण म्हणजे सनद. परंतु जो सनद देतो तो ती काढूनही घेऊ शकतो, आणि आजचा आपला प्रश्न इथेच सुरू होतो. हा अधिकार कोणाच्या हाती असावा, आणि तो कोणासाठी वापरला जावा?

सनद हा शब्द मुळी राजदरबारचा. वतनाची सनद, इनामाची सनद, तशीच वकिलीची. 1793 साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये वकिलांसाठी कायदा केला, तेव्हा त्यांची नेमणूक आणि फी सरकारी नियमाने बांधली गेली. आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीअखेर 1827 साली जे कायदे एकत्र झाले, त्यांतील दुसऱ्या रेग्युलेशनमध्ये वकिलांची व्यवस्था आली. पुढे 1846 च्या कायद्याने जातिधर्माची अट निघून गेली आणि लायक ठरेल त्या पुरुषाला हा धंदा खुला झाला. स्त्रियांना मात्र कायद्याने ते दार उघडायला 1923 साल उजाडावे लागले!

1862 साली मुंबईचे हायकोर्ट स्थापन झाले. 1865 च्या लेटर्स पेटंटने या कोर्टाला वकिलांना काढून टाकण्याचा वा काही काळ बंद ठेवण्याचा अधिकार दिला. कशासाठी? तर ‘वाजवी कारण’ असल्यास. श्रोतेहो, हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. पक्षकाराचे पैसे खाल्ले तर ते वाजवी कारण, याविषयी वाद नाही. पण सरकारला न रुचणारी प्रतिज्ञा केली तर?

हा प्रश्न 1919 साली खरोखरच उभा राहिला. रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा काढली. तो कायदा, आणि पुढे नेमायची समिती सांगेल ते इतर कायदे, सविनय मोडण्याची ती प्रतिज्ञा होती. अहमदाबादच्या काही वकिलांनी तीवर सह्या केल्या. तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी 22 एप्रिल 1919 रोजी मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहून या मंडळींच्या सनदांचा प्रश्न उपस्थित केला. त्यांच्यावर नोटिसा निघाल्या. कोणा पक्षकाराची तक्रार नव्हती, कोणाला फसवल्याचा आरोप नव्हता. ऑक्टोबरात जीवनलाल वरजराय देसाई यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निकाल लागला. कायद्यावर ज्याचे पोट चालते त्याने कायदा पाळलाच पाहिजे, असा त्याचा आशय होता. सनदा वाचल्या; ताकीद मात्र मिळाली. दरम्यान ते पत्र गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले. त्याबद्दल त्यांच्यावर आणि प्रकाशक महादेवभाई देसाई यांच्यावर कोर्टाच्या बेअदबीचे प्रकरण झाले, आणि मार्च 1920 मध्ये दोघांना कडक शब्दांत समज देण्यात आली.

विलायतेत तर ताकदीवर भागले नाही. श्यामजी कृष्णवर्मांचे नाव इनर टेंपलने 1909 साली बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. त्याच वर्षी सावरकरांना ग्रेज इनने बॅरिस्टरी नाकारली. खुद्द गांधीजींचे नाव 1922 साली, राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, इनर टेंपलने खोडले. ते पुन्हा घातले 1988 साली. श्यामजींचे तर 2015 साली! चूक दुरुस्त झाली, पण ती ऐकायला दोघांपैकी कोणीच उरले नव्हते.

यावरून कोणी म्हणेल, मग सनदेचा कारभार वकिलांच्याच हाती द्यावा म्हणजे झाले. इतिहास त्याच दिशेने गेला. 1926 च्या कायद्याने बार कौन्सिले आली. चौकशी वकिलांनी करावी, अखेरचा हुकूम मात्र हायकोर्टाने द्यावा, अशी वाटणी झाली. स्वराज्यात 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने राज्याच्या बार कौन्सिलला शिस्तीचा पूर्ण अधिकार दिला. तिच्यावर अपील बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि त्यानंतर सुप्रीम कोर्टाकडे.

पण घरच्या पंचांना घरच्यांना शिक्षा करणे अवघड जाते, हे आपल्याला गावकीतून ठाऊक आहेच. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील आलेल्या पक्षकारांवर अक्षरशः झडप घालीत, एकमेकांना ढकलून त्यांचे कागद ओढून घेत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरले. दिल्लीच्या वरिष्ठ कौन्सिलने सोडून दिले. तेव्हा महाराष्ट्राची कौन्सिल स्वतःच सुप्रीम कोर्टात गेली. तिला अपिलाचा हक्क तरी आहे का, असा आक्षेप निघाला. 1975 साली सात न्यायाधीशांनी सांगितले की आहे. कारण शुद्ध वकिलीचे रक्षण करणे हे तिचे लोकांप्रती कर्तव्य आहे. त्याच वर्षी पुढे ते वर्तन गैर ठरले. माझ्या मते आपल्या राज्याच्या कौन्सिलच्या इतिहासातील हे मानाचे पान आहे. आपल्याच माणसांविरुद्ध ती शेवटपर्यंत लढली.

आणखी एक प्रसंग सांगतो. 1995 साली सुप्रीम कोर्टाने एका वकिलाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करताना त्याची सनदही तीन वर्षे स्थगित केली. हे गृहस्थ तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्षच होते! शिस्त लावणाऱ्यालाच शिस्त कोणी लावावी, हा पेच खरा होता. तरीही 1998 साली पाच न्यायाधीशांनी ठरवले की अवमानाची शिक्षा म्हणून सनद काढणे हे कोर्टाचे काम नव्हे. तो मार्ग ॲडव्होकेट्स ॲक्टमधून जातो. सर्वोच्च कोर्टाने आपलाच हात आवरला, ही गोष्ट लहान नाही.

वाद संपलेला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारने नेमलेले सभासद घ्यावेत, अशी त्यात एक सूचना होती. वकिलांनी देशभर विरोध केला आणि काही दिवसांत मसुदा मागे घेतला गेला. वकिलांची भीती निराधार म्हणता येत नाही. 1919 विसरण्याजोगे नाही. परंतु ज्या गरिबाची तक्रार वर्षानुवर्षे शिस्त समितीपुढे पडून राहते, त्याला या स्वातंत्र्याचे काय सुख?

1961 च्या कायद्यात ‘व्यावसायिक अथवा अन्य गैरवर्तन’ असे शब्द आहेत. जुने ‘वाजवी कारण’ त्या ‘अन्य’मध्ये अजून बसलेले आहे. त्याचा अर्थ सरकारच्या सोयीने लावला तर अहमदाबाद घडते, धंद्याच्या सोयीने लावला तर एस्प्लनेडची झुंबड माफ होते. तो पक्षकाराच्या बाजूने लावला, तरच सनदेला अर्थ उरतो. म्हणून कोणाची सनद गेल्याची बातमी वाचाल, तेव्हा एवढेच विचारा: यात तक्रार कोणाची होती?